माडीवरचं तर्कशास्त्र

"मीठ संपलंय," असं मी म्हटलं म्हणून आमच्या घरात मीठ येत नसे. आधी माडीवरून प्रश्न येई, "कशावरून?"

कशावरून म्हणजे काय! बरणीत हात घातला, बोटं बुडाला लागली, त्यावरून. पण तेवढ्यानं भागायचं नाही. "बरणीत नाही एवढंच तू पाहिलंस. घरात नाही हे कशावरून?" दुकानात जायचा कंटाळा म्हणून एखादा नवरा सबबी सांगतो, ते मी समजू शकते. ह्यांचं तसं नव्हतं. ह्यांना खरोखरच जाणून घ्यायचं असायचं. मग मी फडताळ धुंडाळायचं, कोनाडे बघायचे, आणि पुन्हा जिन्याखाली उभं राहून सांगायचं की बघितलं हो, कुठेही नाही. तोवर आमटी उतू गेलेली. गावाबाहेर पडलं की चहूकडे मिठागरं, आणि पनवेलात माझ्या एकटीची आमटी अळणी! कपाळ माझं, दुसरं काय.

हे तेव्हा हायस्कुलात संस्कृत आणि गणित शिकवायचे आणि उरलेला सगळा वेळ माडीवर बसून तर्कशास्त्रावरचं आपलं पहिलं पुस्तक लिहायचे. स्वातंत्र्य मिळून थोडी वर्षं झाली होती. लग्न होऊन मी नुकतीच त्या घरात रुळत होते. पुस्तकातला मुद्दा मला इतक्यांदा ऐकावा लागलाय की झोपेतून उठवलं तरी सांगेन. माणसाला जे कळतं ते दोन वाटांनी. एक, स्वतः पाहून. दुसरी, पाहिलेल्यावरून अनुमान करून. कुणीतरी सांगितलं म्हणून कळलं, ही आणखी एक वाट आपल्याकडच्या बऱ्याच जुन्या शास्त्रकारांनी मानलेली. ती ह्यांना मंजूर नव्हती. नुसत्या सांगण्याला किंमत नाही. सांगणारा कोण, त्याला कसं कळलं, तो चुकण्याचा संभव किती, हे सगळं आधी तपासायचं, आणि मग वाटलं तर विश्वास ठेवायचा. ऐकायला किती छान वाटतं! अशा माणसाशी संसार करून बघा म्हणजे कळेल.

हल्ली अभ्यासक मंडळी घरी येतात. बहुतेक जण तरुण असतात, नम्र असतात, चप्पल नीट काढून ठेवतात. त्यांना विचारायचं असतं की सरांच्या सुरुवातीच्या कामावर कुणाचा प्रभाव होता. मग स्वतःच इंग्लंडातल्या कुणाचं तरी नाव घेतात, जर्मनीतल्या कुणाचं घेतात, आणि माझ्या तोंडाकडे बघतात. कसला आलाय जर्मन प्रभाव! माझे सासरे पनवेलच्या कोर्टात वकील होते, पण त्यांच्याबद्दल त्यातल्या एकानंही कधी विचारलेलं नाही. मामंजी कोर्टातून घरी आले तरी कोर्ट काही अंगरख्याबरोबर खुंटीला टांगून ठेवत नसत. जेवताना मी सहज म्हणावं, "शेजारच्या काकू सांगत होत्या, तळ्याचं पाणी आटलंय," की मामंजींचा घास हातातच थांबायचा. "ऐकीव पुरावा. चालत नाही." ह्यांच्या लहानपणी पोटात दुखतंय म्हटलं तरी उलटतपासणी व्हायची म्हणे. कुठे दुखतं, कधीपासून, आणि शाळेची घंटा व्हायच्या सुमारासच का दुखतं? अशा घरात वाढलेल्या मुलानं दुसरं कसलं पुस्तक लिहिलं असतं, तुम्हीच सांगा.

दुसरा प्रभाव म्हणाल तर पुण्याचे ह्यांचे प्राध्यापक. त्यांनी ह्यांना प्रयोगाची गोडी लावली. एक गोष्ट बदलायची, बाकी सगळं तसंच ठेवायचं, आणि काय होतं ते बघायचं. ह्यांना ते इतकं पटलं की एकदा मी केलेल्या पिठल्याला चव का नाही हे शोधण्यासाठी ह्यांनी ओळीनं पिठलंच करायला लावलं, एकदा हिंगाशिवाय, एकदा लसणीशिवाय. मी सगळं हसण्यावारी नेत होते. माझ्या मैत्रिणींना पत्रं लिहून ह्यांच्या नकला कळवत होते. मग लेक झाली.

लेक देखणी, गुटगुटीत, हसरी. ती पाऊल टाकायला लागली त्या सुमारास मला पहिल्यांदा शंका आली. खाडीवरची एक कोळीण आमच्या आळीत यायची. तिचा आवाज असा की पलीकडच्या आळीतली मांजरं उठून चालायला लागत. "म्हावरं घ्या गो, म्हावरंऽऽ" म्हटलं की आळीतली सगळी पोरं धावत टोपलीभोवती जमायची. माझी लेक अंगणात पाठमोरी बसून चमच्यानं माती उकरत होती. कोळीण तिच्या अगदी पाठीशी येऊन ओरडली, तरी ही ढिम्म. टोपली पुढ्यात टेकली तेव्हा मात्र केवढ्यानं दचकली! "खेलात गुंगलीय गो, तिला सुद नाय," असं म्हणून कोळीण हसली आणि बोंबील मोजायला लागली. मला हसू आलं नाही.

मी तशीच माडीवर गेले. "अहो, आपल्या लेकीला ऐकू येत नाही."

हे लिहीत होते. मान वर न करता म्हणाले, "कशावरून?"

मी कोळणीचं सांगितलं. ह्यांनी जरा विचार केला. "तिला मासळी आवडत नसेल."

"अहो, तिला अजून धड दात नाहीत!"

"मग तर टोपलीकडे वळायचं काही कारणच नाही," हे म्हणाले आणि पुन्हा टाक दौतीत बुडवला.

तेव्हापासून माझं हेच सुरू झालं. मी हाक मारायची, ती वळायची नाही. मी वर जाऊन सांगायचं, आणि ह्यांनी त्याचं दुसरं कारण काढायचं. स्वयंपाकघरात पातेल्यांची उतरंड कोसळली, ती झोपलेलीच. हे म्हणाले, गाढ झोप लागणं चांगलं. दिवाळीत आळीतल्या मुलांनी तिच्या मागेच बार उडवला, ती किल्ल्यावरची चित्रं लावत बसली. हे म्हणाले, निर्भय आहे. ती आ आणि बा यापलीकडे काही बोलत नव्हती. त्यावर मामंजी म्हणाले, "आमच्या घराण्यात मुलं उशिराच बोलतात. हा तिसरं लागेस्तोवर मुका होता. आता बघ." मनात म्हटलं, आणखी थोडा राहिला असता तरी चाललं असतं.

मी एकच मागत होते. मुंबईला नेऊ या, कानाच्या डॉक्टरांना दाखवू या. गिरगावात माझा मावसभाऊ होता, उतरायची सोय होती. पण सुनेनं मूल काखोटीला मारून, नवऱ्याच्या मनात नसताना, एकटीनं मुंबई गाठायची, हे आमच्या घरात तेव्हा कुणाच्या स्वप्नातही आलं नसतं. आणि खरं सांगू? माझं चुकावं असं मलाही वाटत होतं. मी देवीला नवस बोलले होते की माझी शंका खोटी ठरू दे, मी तुझी ओटी भरीन. अशा मनानं भांडायचं म्हणजे हातात बळ कुठून येणार?

शेवटी माझी भुणभुण असह्य झाली असावी. एका रविवारी हे म्हणाले, "आज परीक्षाच घेऊ." लेकीला उचलून माडीवर नेलं, पाठमोरी बसवली, पुढ्यात लाकडी बाहुली दिली. मला जिन्यात थांबवलं, कारण मला बघून ती वळली तर प्रयोग बिघडेल. मग कागद ठेवायचा आपला पितळी डबा घेतला आणि तिच्या मागे, ती बघत नसताना, जमिनीवर आदळला. ती वळली! पुन्हा आदळला, पुन्हा वळली. हे जिन्याशी आले. चेहरा असा फुललेला की लग्नातसुद्धा मी तसा पाहिला नव्हता. "वळतेय! ये, तूच बघ." मी वर जाऊन बघितलं. खरंच वळत होती. मी तिथेच बसून ढसाढसा रडले. मग उठून शिरा केला, देवीची ओटी भरली, शेजारी प्रसाद वाटला.

आणि तिथून माझे खरे हाल सुरू झाले. कारण खाली स्वयंपाकघरात, ओटीवर, अंगणात, ती पहिल्यासारखीच वळत नव्हती. मी सांगायला गेले की हे शांतपणे म्हणायचे, "प्रयोग झालाय. तू स्वतः पाहिलंस." मग का वळत नाही? "तुझी हाक दिवसभर चालूच असते. तिनं दुर्लक्ष करायला शिकून घेतलंय." म्हणजे दोष माझ्या बडबडीचा! माझ्या तळपायाची आग मस्तकात जायची. पण बोलणार काय? माझ्याच डोळ्यांनी मी तिला वळताना पाहिलं होतं. मी स्वतःवरच संशय घ्यायला लागले. कधी वाटायचं, पोर लबाड आहे. एकदा तर हाकेला ओ देत नाही म्हणून तिला मी पाठीत धपाटा घातला. ती माझ्याकडे बघत राहिली, रडलीसुद्धा नाही. माझा जीव तुटला.

अशी दोन वर्षं गेली आणि पुस्तक छापून आलं. पुण्याकडे त्याचं बरंच कौतुक झालं. मी चाळायला घेतलं, त्यातलं निम्मं माझ्या डोक्यावरून गेलं. पण घाईच्या अनुमानांवर एक प्रकरण होतं, ते मात्र चांगलंच कळलं. त्यात एक आई होती. तिचं मूल हाकेला वळत नाही, म्हणून ते बहिरं आहे असं ती ठरवून बसते. वडील साधा प्रयोग करतात आणि आईचं अनुमान कोसळतं. मी ते वाचलं आणि पुस्तक मिटून ठेवलं. मला न विचारता! पुढचे कितीतरी दिवस ह्यांच्या शाळेतल्या शिक्षकांच्या बायका हळदीकुंकवाला हसून विचारत होत्या, "काय हो, ती आई म्हणजे तुम्हीच ना?" मीही हसत होते. न हसून करते काय?

लेक तेव्हा पाच वर्षांची झाली होती. बरोबरीच्या मुली गाणी म्हणायच्या, ती त्यांच्या तोंडांकडे टक लावून बघायची आणि उगाच ओठ हलवायची. मी ते बघायची आणि आत जाऊन भांडी घासायला घ्यायची.

पुस्तक वाचून पुण्याचे प्राध्यापक मुद्दाम पनवेलला आले. ह्यांना आकाश ठेंगणं झालं. वर जिना चढायला नको म्हणून सर खाली ओटीवरच बसले. मी पोहे केले, चहा केला. बोलता बोलता सर म्हणाले, "तुमचं ते आईचं उदाहरण मोठं सुरेख उतरलंय." हे म्हणाले, "दाखवतोच ना तुम्हाला." माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही.

लेक ओटीवरच्या सारवलेल्या जमिनीवर पाठमोरी बसून चिंचोक्यांची रांग लावत होती. हे वर जाऊन तोच पितळी डबा घेऊन आले आणि तिच्या मागे आदळला. सरांच्या हातातल्या बशीत चहा सांडला. आतून मामंजी ओरडले, "काय पडलं रे?" लेकीनं पुढचा चिंचोका ठेवला. हे हसले, म्हणाले, "खेळात आहे." पुन्हा आदळला. तिनं आणखी एक चिंचोका ठेवला. मग ह्यांनी डबा दोन्ही हातांनी डोक्यापर्यंत उचलून आपटला, त्याचं झाकण निघून घरंगळत अंगणात गेलं. झाकण पुढ्यातून गेलं तेव्हा तिनं मान वर केली, आणि ते कुठे चाललंय ते बघत राहिली. सर आपल्या कपात बघत होते.

ह्यांनी तिला उचललं आणि माडीवर नेलं. खालून मला ऐकू येत होतं. डबा आदळला. थोडा वेळ काही नाही. पुन्हा आदळला. मला राहवलं नाही, मी अर्धा जिना चढून बघितलं. ह्यांनी तिला जमिनीवर बसवून डबा आदळला, ती वळली. मग तिला उचलून पलंगावर, गादीवर बसवलं आणि तसाच आदळला. ती गादीचा दोरा ओढत बसली. पुन्हा खाली, फळ्यांवर बसवली. या वेळी डबा बाजूला ठेवून दिला आणि तिच्या मागे जाऊन नुसती टाच दाबली. माडीची जमीन लाकडी फळ्यांची, त्यातली एक सैल होती. एवढासाही आवाज झाला नाही. फळी हलली. ती वळली आणि बाबांकडे बघून हसली. तिला वाटलं, खेळ चाललाय.

"फळ्या," हे म्हणाले. ते मला म्हणाले की स्वतःला, देव जाणे. "अंगाला कळत होतं तिच्या. कानाला नाही."

मी काय बोलावं अशी तुमची अपेक्षा आहे? खाली माझ्याकडे शेणानं सारवलेली जमीन, ती कुठली हलायला! वर ह्यांच्याकडे फळ्या. ह्यांनी सगळे प्रयोग वर केले, कारण ह्यांचे कागद वर, डबा वर, आणि ह्यांचं डोकंही कायम वरच. एकदा, फक्त एकदा, स्वयंपाकघरात येऊन हाक मारून बघितली असती! मी लेकीला ह्यांच्या हातातून काढून घेतलं आणि खाली आले. सर चप्पल घालून निघण्याच्या तयारीत होते. मला बघून त्यांनी हात जोडले. आत मामंजी कुणालाच उद्देशून न बोलता घसा खाकरत होते.

या पुस्तकाच्या दुसऱ्या आवृत्तीतून आईचं उदाहरण गेलं, आणि सांगणाऱ्याच्या शब्दालाही प्रमाण मानावं लागतं असं सांगणारं नवं प्रकरण आलं. अभ्यासकांमध्ये त्यावर वाद आहेत. मधल्या काळात ह्यांच्या वाचनात कुठलासा परदेशी ग्रंथ आला असावा, असं एकानं प्रबंधात लिहिलंय. लिहू दे बापडा.

प्राध्यापक येऊन गेले त्याच आठवड्यात आम्ही मुंबईला गेलो. डॉक्टरांनी कान तपासले, मान हलवली आणि मुक्याबहिऱ्या मुलांच्या एका शाळेत पाठवलं. तिथल्या मुख्याध्यापिकाबाई वयस्क होत्या, बोलायला तुटक. त्यांनी लेकीला आपल्या टेबलाशी उभं केलं, तिच्या हनुवटीला बोट लावून तोंड आपल्याकडे वळवलं आणि ह्यांना विचारलं, "पहिल्यांदा कुणाच्या लक्षात आलं?"

"हिच्या," हे म्हणाले. "मुलगी चालायला लागली तेव्हा."

"मग इतकी वर्षं?"

भल्याभल्यांना वादात गप्प करणारा माणूस! "पडताळून बघत होतो," हे म्हणाले.

बाईंनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. "लहानपणी आणलेल्या मुलांना आम्ही ओठ बघून समजायला शिकवतो, घशाला हात लावून बोलायला शिकवतो. जितकं लहान तितकं बरं. ही शिकेल. हुशार दिसतेय. पण हिचं बोलणं परक्या माणसाला कितपत कळेल, ते मी आज सांगू शकत नाही. दोन-तीन वर्षांपूर्वी आणली असती तर सांगितलं असतं."

ह्यांनी मान खाली घातली आणि हो म्हटलं. एवढंच. ना पुरावा मागितला, ना शंका काढली. तासाभरापूर्वी ज्या बाईंचं तोंडही पाहिलं नव्हतं त्यांच्या शब्दावर ह्यांनी लगेच विश्वास ठेवला, आणि त्यांचं खरंच होतं, यात वादच नाही. पण मी शेजारच्या खुर्चीवर बसून आतल्या आत जळत होते. चार वर्षं मी जिना चढत होते.

परत येताना ठाण्याला एस.टी. स्टँडवर पनवेलच्या गाडीची वाट बघत थांबलो होतो. लेक ह्यांच्या खांद्यावर झोपून गेली होती. बाजूला शेंगदाणेवाला ओरडत होता, कंडक्टर शिट्ट्या मारत होते, आणि ती निवांत झोपली होती. हे बराच वेळ तिच्याकडे बघत होते. मग माझ्याकडे वळून हळूच म्हणाले, "तुझं बरोबर होतं."

लग्न झाल्यापासून हे वाक्य मी ह्यांच्या तोंडून ऐकलं नव्हतं. ह्यांना वाटलं असावं, आता ही निवेल.

"अहो, बरोबर ठरून मला काय करायचं होतं?" मी म्हटलं. "मला तेव्हा मुंबईला यायचं होतं."